निबंधाने बदनाम केलेली शिक्षा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघांचाही जीव गेला. गाडी चालवणाऱ्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम चार महिने बाकी होते. दिवस मावळायच्या आत बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीनही दिला. अटींमध्ये दारू सोडण्यासाठी समुपदेशन होतं, वाहतुकीचे नियम शिकणं होतं आणि रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता.

पुढचं महाराष्ट्राला पाठ आहे. निबंधावर मीम्स फिरल्या, निषेध म्हणून पुण्यात चक्क निबंध स्पर्धा भरवली गेली. तीन दिवसांत मंडळाने मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर गजाआड गेले, आईवडिलांनाही अटक झाली. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून हटवलं. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

लोकांचा संताप रास्त होता. पण त्या निबंधामुळे एक भलतंच नुकसान झालं. अल्पवयीन गुन्हेगाराला समाजोपयोगी कामाची शिक्षा म्हटलं की आता कट्ट्यावर हशा पिकतो. ‘निबंध लिही आणि सुट’ एवढाच तिचा अर्थ उरला. ज्या हजारो पोरांना ही शिक्षा खरोखर उपयोगी पडली असती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पोर्शे फक्त रीलमध्ये पाहिली आहे.

मुळात पुण्यात जे झालं ती शिक्षा नव्हतीच. ती जामिनाची अट होती. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ मध्ये मंडळाला काय काय आदेश देता येतात ते ओळीने दिलंय: समज देऊन घरी पाठवणं, गट समुपदेशन, समाजसेवा, दंड, पालकांच्या हमीवर चांगल्या वर्तणुकीच्या अटीने सोडणं आणि अगदी शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. हे सगळं चौकशी पूर्ण होऊन मुलाने कृत्य केल्याचं सिद्ध झाल्यावर. २०१६ च्या आदर्श नियमांत समाजसेवेची उदाहरणंही दिली आहेत. चौदा वर्षांवरच्या मुलांनी बागेची देखभाल करावी, वृद्धांची सेवा करावी, रुग्णालयात मदत करावी, अपंग मुलांसाठी काम करावं, वाहतूक स्वयंसेवक म्हणून उभं राहावं. यादीत निबंध कुठेच नाही. आणि यातलं प्रत्येक काम कुठल्या तरी संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हायला हवं, असं कायदा सांगतो. देखरेख हा त्या कलमाचा कणा आहे. पुण्यात शिक्षेचा पोशाख घातलेली एक अट घाईघाईने लावली गेली आणि बदनाम मात्र झाली ती खरी शिक्षा.

कायद्याच्या मनात काय होतं हे बघायचं तर नमुना सहा हा कागद हातात घ्यावा. सामाजिक तपासणी अहवालाचा हा छापील अर्ज परिविक्षा अधिकाऱ्याने भरायचा असतो आणि मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे आणल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्यात घरातली माणसं, त्यांची कमाई, मुलाचं आईशी आणि वडिलांशी कसं पटतं, शाळा कुठल्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, हे सगळं विचारलंय. मित्र बहुतेक त्याच्याच वयाचे की मोठे, शिकलेले की न शिकलेले, नशा करणारे की गुन्हे दाखल असलेले? सवयींचे दोन गट आहेत. एकात धूम्रपान, दारू, जुगार. दुसऱ्यात टीव्ही, खेळ, वाचन, चित्रकला, गाणं. सरकारी अर्जात ‘हा मुलगा चित्रं काढतो का’ असं विचारणारा माणूस कुणीतरी शहाणा असणार. कारण पुढचा आदेश या उत्तरांवरूनच निघायचा असतो.

समजा, मोबाइल हिसकावताना पकडलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे. आठवीत शाळा सुटली, वडील दारूत, आई धुणंभांडी करते, मित्र विशीच्या पुढचे. अशा पोराला बागेतला कचरा उचलायला लावून काही साधणार नाही. त्याला संध्याकाळी पाच ते आठ गुंतवून ठेवणारं काम हवं, कारण ते थोराड मित्र त्याच वेळेला चौकात जमतात. दुसऱ्या एखाद्याला पालिकेच्या रुग्णालयात स्ट्रेचर ढकलायला लावलं तर जखमेचा अर्थ कळेल. कुणाला काय, हे ठरवायला त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं, शेजारणीशी बोलावं लागतं, शाळेतल्या मास्तरांना गाठावं लागतं. पोर्शेच्या प्रकरणात जामिनाचा आदेश काही तासांत निघाला. तेवढ्या वेळात हा अर्ज भरून होत नाही.

भरणार तरी कोण? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विधी तथा परिविक्षा अधिकारी असं एक पद आहे. या कक्षांतली बरीच माणसं कंत्राटावर आहेत. राज्याचे स्वतःचे परिविक्षा अधिकारी आहेत, पण एकाच माणसाकडे अहवाल, पाठपुरावा, मंडळापुढची हजेरी आणि वर बालविवाह रोखण्यापासून बैठकांपर्यंतची कामं आली की मुलाच्या घरी जाणं राहून जातं. मग अर्ज कार्यालयातच भरला जातो, एका बैठकीत, मुलाच्या आईला प्रश्न विचारून. ती त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते आणि लवकर सुटण्यासाठी सगळ्याला ‘हो’ म्हणते.

मंडळांची अवस्थाही फार वेगळी नाही. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या पाहणीनुसार, देशातल्या ३६२ मंडळांपुढची ५५ टक्के प्रकरणं ऑक्टोबर २०२३ अखेर प्रलंबित होती आणि दर चार मंडळांमागे एक पूर्ण सदस्यांविना चाललं होतं. कायदा चौकशीला चार महिने देतो, फार तर आणखी दोन. पंधराव्या वर्षी केलेल्या चोरीबद्दल अठराव्या वर्षी, मिसरूड फुटल्यावर, समाजसेवा करायला सांगितली तर त्या पोराला त्यात फक्त सरकारी कटकट दिसणार.

दुसरीकडे पुण्यात कोयता आहे. ऊस तोडणारं, शहाळं सोलणारं हे हत्यार हातात नाचवत दुकानं-गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या टोळक्यांनी गेल्या काही वर्षांत शहराला जेरीस आणलं. कोयता विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र तपासा, असं दुकानदारांना सांगण्यापर्यंत पोलीस आले. पकडलेल्यांची त्याच वस्तीतून धिंड काढण्याची रीत पडली. लोक टाळ्या वाजवतात, पोलिसांना हायसं वाटतं आणि त्याच धिंडीचा व्हिडिओ पार्श्वसंगीत लावून टोळीच्या खात्यावर फिरतो. ज्याला ‘भाई’ व्हायचंय त्याची फुकट जाहिरात झाली! अल्पवयीनांची तर ओळख उघड करायलाच कायद्याने बंदी आहे, पण व्हिडिओ फिरवणारा वय विचारत बसत नाही.

धाक दाखवून पोरं सुधारतात ही समजूत जुनी आहे आणि ती तपासूनही झाली आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात वाह्यात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना दमदाटी करवत. त्यावर १९७८ मध्ये आलेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि देशभर अशा सहली सुरू झाल्या. पुढे काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले, तेव्हा तुरुंग बघून आलेल्या पोरांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. आपल्याकडे अजूनही शाळेतल्या दांडगट पोराला ‘एकदा चौकीत बसवून आणा साहेब’ म्हणणारे पालक भेटतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्यात ४,४०६ गुन्ह्यांसह महाराष्ट्र पहिला होता. पकडलेल्या मुलांपैकी चारात तिघांहून अधिक सोळा ते अठरा वयाची. दरवर्षीच्या अहवालात आणखी एक आकडा येतो आणि त्याची बातमी होत नाही: यातली बहुसंख्य मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात. म्हणजे फूटपाथवरचं अनाथ पोर हे चित्र चुकीचं आहे. या मुलांना घर आहे, पत्ता आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या हजेरीपटावर नावही होतं. त्यांना वेळेवर गाठणं अशक्य नव्हतं.

या बाबतीत आपण मागासलेले होतो असंही नाही. डेव्हिड ससूनच्या नावाची सुधारशाळा मुंबईत १८५७ पासूनची. मुलांसाठी वेगळा कायदा मुंबई प्रांताने १९२४ मध्येच केला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा प्रांतिक कायदा १९३८ चा, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या वीस वर्षं आधीचा. औंध संस्थानच्या राजांनी तर १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढून खुनाच्या कैद्यांच्या हाती शेती दिली. त्यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटातला जेलर कैद्यांसोबत राबतो, जेवतो. देखरेख म्हणजे काय, हे एवढं ठसठशीतपणे कुठल्याही शासकीय परिपत्रकात सापडणार नाही.

परदेशातले दाखले देताना जपून राहावं, कारण त्यातही फसवी चमक असते. इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदाच कायद्याच्या कचाट्यात येणाऱ्या मुलांची संख्या २००७ च्या सुमारास वर्षाला एक लाख दहा हजारांच्या घरात होती. आता ती दहा हजारांच्या आत आहे. कोठडीतली मुलं तीन हजारांच्या आसपास होती, ती पाचशेच्या आत आली. मुलं अचानक साधू झाली नाहीत. आधी पोलिसांना प्रकरणं निकाली काढण्याचं लक्ष्य दिलेलं होतं आणि ते गाठायला शाळेच्या मैदानावरची मारामारीही सोयीची पडे. २००८ मध्ये ते लक्ष्य गेलं आणि आकडे घसरू लागले. पण त्याच सुमारास पोलीस, शिक्षक, आरोग्यसेवक आणि समाजसेवक एका छपराखाली बसणारी पथकं जिल्ह्याजिल्ह्यांत रुळली होती. १९९८ च्या कायद्याने ती बंधनकारक केली होती. चाकूहल्ल्यांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही, आणि कोठडीत जी मुलं उरली ती जास्त अवघड आहेत. तरीही तिथली एक व्यवस्था उचलण्याजोगी आहे. पहिल्याच गुन्ह्याची कबुली देणाऱ्या मुलाला न्यायालय एका पॅनेलकडे पाठवतं. त्यात पथकाचा एक सदस्य आणि त्याच भागातले किमान दोन सामान्य नागरिक असतात, म्हणजे कुणी दुकानदार, कुणी निवृत्त नर्स. ज्याचं नुकसान झालं त्याला बोलावतात. मुलाशी तीन ते बारा महिन्यांचा करार होतो: भरपाई कशी, काम कुठे, शाळेचं काय. पुढे अधूनमधून तेच लोक त्याची चौकशी करतात.

हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही गावकीची आठवण होईल. पण गावकी जात बघते आणि दंड ठोठावते, म्हणून पॅनेलवर कोण बसणार याचे नियम कडकच हवेत.

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी १९९८ मध्ये माध्यमिक शाळेत गेलेल्या सुमारे ४,३०० मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला. त्यात सारख्याच वागणुकीची, सारख्याच घरातली मुलं तुलनेला घेतली, तेव्हा यंत्रणेत जी खोलवर ओढली गेली त्यांचे गुन्हे सुटायला उलट अडचण झाली. बहुतेक किशोर वयाबरोबर आपोआप निवळतात. मोजकीच मुलं लहानपणापासून अडलेली असतात आणि त्यांच्यासाठी माणसं, पैसा, वेळ खर्ची घालावा लागतो. आपली यंत्रणा नेमकी उलटी चालते. शाळेत सहा महिने न दिसलेल्या पोराकडे कुणी फिरकत नाही आणि त्याने कोयता काढला की सगळं पोलीस ठाणं त्याच्यामागे.

लवकर हात देणं म्हणजे काय, याचं उदाहरण नागपूरने दिलंय. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी फुटबॉल आणून दिला, मग झोपडपट्टी संघांची स्पर्धा भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मुळे ही गोष्ट घराघरांत गेली. बारसेंनी आधी कुणाचे गुन्हे तपासले नाहीत की नीतीचे धडे दिले नाहीत. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर एक मोठा माणूस हजर असायचा. एवढी शाश्वती अनेक पोरांना दुसरीकडे कुठेच मिळालेली नव्हती. चित्रपटगृहात ‘झुंड’ला शिट्ट्या वाजवणारा प्रेक्षक बाहेर येऊन ‘असल्या पोरांना फोडून काढलं पाहिजे’ म्हणतो, त्यातला अंतर्विरोध त्याला जाणवत नसावा.

कायद्यातही दार उघडं आहे. आदर्श नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर मुलावर एफआयआर दाखल करायचाच नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. ही डायरीतली पहिली नोंद म्हणजेच पोराला गाठण्याची सगळ्यात चांगली संधी. प्रत्यक्षात एक तर दोन कानाखाली देऊन त्याला हाकलतात, नाही तर थेट गुन्हा दाखल होतो. पहिल्यात पोर शिकतं की काही होत नाही. दुसऱ्यात, आता आपण भाई झालो.

टोळीचे म्होरके अल्पवयीनांना पुढे करतात, कारण ‘तुला काही होणार नाही’ हे त्यांना ठाऊक आहे, असा यावर आक्षेप येतो. तो खराच आहे. राज्यातल्या बड्या नेत्यांनीही त्यावर उपाय म्हणून वयोमर्यादा चौदावर आणण्याची भाषा केली. पण मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, अशी तरतूद बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये आधीच आहे. म्होरक्याला मोकळं सोडून पोराचं वय खाली आणलं तर उद्या तेरा वर्षांचं पोर पुढे येईल. शिवाय निर्घृण खून, बलात्कार यांना समाजसेवा हा पर्याय असू शकत नाही. त्यासाठी सोळा ते अठरा वयोगटाबाबत वेगळी प्रक्रिया २०१५ च्याच कायद्यात आहे. इथे वाद आहे तो चोरी, मारामारी, तोडफोड, विनापरवाना गाडी यांचा. प्रकरणांचा मोठा ढीग याच जातीचा असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने प्रौढांसाठीही काही किरकोळ गुन्ह्यांत सामुदायिक सेवेची शिक्षा आणली. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, बदनामी वगैरे. म्हणजे आता दोन्ही वयोगटांसाठी काम शोधावं लागणार, हजेरी घ्यावी लागणार, अहवाल लिहावे लागणार. अशा वेळी महिला व बालविकास विभागाने जिल्हावार यादी जाहीर करायला हवी: कुठली रुग्णालयं, वृद्धाश्रम, ग्रंथालयं, पांजरपोळ मुलं घ्यायला तयार आहेत, तिथे जबाबदार माणूस कोण, तासांची नोंद कोण ठेवणार. पुण्यात गणेश विसर्जनाला घाटांवर निर्माल्य गोळा करायला शेकडो स्वयंसेवक लागतात. त्यांच्यात पाच-सात पोरं मिसळून गेली तर कुणाला कळणारही नाही, आणि कळू नये हेच बरं. इंग्लंडने २००८ मध्ये शिक्षेवरच्या प्रौढांना झगझगीत जॅकेट घालायला लावून रस्त्यावर उभं केलं, तसला तमाशा मुलांच्या वाट्याला नको.

नुकसान झालेल्या माणसाचाही यात विचार व्हायला हवा. ज्या रिक्षावाल्याची काच फुटली त्याला आज कुणी विचारत नाही. मंडळाने मुलाला बागेत पाठवलं तरी काचेचे पैसे रिक्षावाल्याच्याच खिशातून जातात. मुलाने महिनाभर गॅरेजमध्ये हाताखाली काम करून त्या काचेचा काही भाग फेडला, तर रिक्षावाला त्याला शिव्या देईल, पण निदान ‘सुटला’ म्हणणार नाही.

आणि नोंदींचं काय? कलम २४ नुसार मुलाच्या प्रकरणामुळे त्याला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपवाद सोडता मुदतीनंतर कागदपत्रं नष्ट करायची असतात. महाराष्ट्रात गावोगावची पोरं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद निघाली की त्यांचं नाव कटतं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतलं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने अल्पवयातल्या खटल्यावरून उमेदवाराला नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाणं परवडत नाही. ठाण्याच्या कपाटातल्या आणि आता संगणकातल्या नोंदी मुदतीत पुसल्या गेल्या की नाही, याची तपासणी जिल्हा पातळीवर कुणाकडे तरी सोपवावी लागेल. आज ती कुणी आपणहून करत नाही.